एका कापलेल्या प्रथिनाची गोष्ट

पायात खिळा घुसला की आपण जखमेत हळद भरतो आणि कामाला लागतो. वाचकहो, अशा जखमेतून शिरणारे एक विष थेट मज्जारज्जूपर्यंत कसे पोहोचते, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमधल्या सूक्ष्म फटीच्या जागेला सिनॅप्स म्हणतात. निरोप देणारी पेशी रसायनाची इवलीशी पिशवी कडेला आणून फटीत रिती करते. पिशवी कडेला जोडणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे सिनॅप्टोब्रेव्हिन.

माती-शेणातल्या धनुर्वाताच्या जंतूंचे विष नेमके हेच प्रथिन कापते, हे १९९२ साली इटलीतील पादुआच्या संशोधकांनी दाखवून दिले. मग स्नायूंना आवरणारा निरोपच थांबतो. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. ही बाहेरची बाधा नव्हे की कुणाची करणी नव्हे.

पेशीत शिरलेले विष औषधाने काढता येत नाही. म्हणून लस आधीच हवी. हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या लसीने आपले रक्षणही होत नाही. गरोदर लेकी-सुनांना पहिला डोस लवकर आणि दुसरा चार आठवड्यांनी द्यावा. बाळाच्या नाळेला शेण-राख लावू नये. २०१५ साली नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशात जवळजवळ हद्दपार झाला. पण जंतू मातीत आहेतच.

जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, एवढेच आमचे सांगणे.