जांभळाची बी आणि बंद पडलेली गोळी



मृगाच्या आगेमागे इचलकरंजीच्या बाजारात पाट्यांतून टपोरी जांभळे दिसू लागली, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : ‘डॉक्टर, बिया वाळवून ठेवू का? साखरेला चांगल्या असतात म्हणे.’ आज त्याचेच उत्तर सविस्तर देतो.

जांभूळ हे पेरू, लवंग आणि निलगिरी यांच्याच कुळातले. मैदानात त्याचा डेरेदार वृक्ष होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, वाऱ्याने झोडपलेल्या सड्यांच्या कडेला मात्र जांभळाच्या जाती अंजनीच्या सोबतीने खुज्या, झुडपासारख्या वाढतात. पांढुरक्या मोहोरावर मधमाश्या येतात आणि जांभळाचा मध तयार होतो. हा मध मधुमेहात चालतो, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. मध कोणत्याही फुलाचा असो, तो रक्तातील साखर वाढवतोच.

आता बियांविषयी. आपल्या वैद्यकपरंपरेत जांभळाच्या बीला मधुमेहात मानाचे स्थान आहे आणि प्राण्यांवरील काही प्रयोगांत तिचा परिणाम दिसलाही आहे. परंतु माणसांवरील पुरावा अद्याप तोकडा आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा घेण्याचा प्रघात आहे. तेथील संशोधकांनी रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी केली, तेव्हा त्याने साखर उतरल्याचे आढळले नाही. पाने आणि बी एक नव्हे, हे खरे. पण केवळ परंपरेवर विसंबून गोळी सोडू नये, एवढे यातून निश्चित कळते.

माझ्याकडे नियमित येणारे एक आजोबा होते. सारी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेली. एका पावसाळ्यात पायाची जखम चिघळून आले. साखर चारशेच्या वर. दोन महिन्यांपासून गोळ्या बंद आणि जांभळाच्या बियांचे चूर्ण सुरू होते. पायाचे एक बोट गमवावे लागले. आजी खालमानेने म्हणाल्या, ‘मीच कुटून देत होते हो.’ मी त्यांना सांगितले, ‘आजी, घात चूर्णाने नाही केला, बंद पडलेल्या गोळीने केला.’ दोष थोडा माझाही होता. ‘आणखी काय घेता?’ हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते. तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो.

म्हणून घरातल्या मंडळींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

जांभळे जरूर खावीत. वाटीभर पुरेत; मात्र त्या वेळचे दुसरे फळ वगळावे. फळ तुरट असल्याने बद्धकोष्ठ असणाऱ्यांनी बेताने खावे. ज्यांची कवळी सैल आहे किंवा पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना बी काढून गरच द्यावा.

चूर्ण घ्यायचेच असेल, तर डॉक्टरांना सांगून घ्यावे. गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद अथवा कमी करू नये. चूर्ण आणि गोळी दोन्ही चालू असताना घाम, थरथर, एकाएकी भूक किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर साखर तपासावी. ती सत्तरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा.

‘हमखास गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा पुड्यांत कधी कधी ॲलोपॅथीची औषधे मिसळलेली सापडतात आणि त्यांचे प्रमाण कोणालाच ठाऊक नसते.

रोज रात्री घरातल्या ज्येष्ठांची पावले उजेडात पाहावीत. तळवे आणि बोटांच्या बेचक्याही. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते, त्यामुळे जखम दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून कोणाला दिसत नाही.

ते आजोबा आजही येतात. हंगामात रुमालात बांधून मूठभर जांभळे माझ्यासाठी आणतात. मी ती आनंदाने घेतो आणि आधी त्यांना मोजे काढायला सांगतो.