आवाजावरून गाडी ओळखण्याची स्पर्धा आणि आपले गप्प बसणे

रस्त्यावरून जाणारे वाहन डोळ्यांनी न पाहता, केवळ त्याच्या आवाजावरून व जमिनीच्या हादऱ्यावरून ते ट्रक आहे, जीप आहे की रिक्षा, हे यंत्राकडून ओळखून घ्यायचे, अशी एक स्पर्धा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका मुलाने तिच्यात उतरण्यासाठी शहरातील एका व्यापारी मंडळाकडे मदत मागितली. रक्कम काही हजारांची होती. उत्तर मिळाले, "बेटा, खेळण्यांसाठी मंडळाकडे पैसा नाही." पुढच्याच महिन्यात त्या मंडळाने गुणवंतांचा सत्कार केला. मंडप, हार, शाली, ट्रॉफ्या, वर बिर्याणी. आम्हीही त्या मंडळाचे सभासद आहोत आणि मदतीचा अर्ज आला त्या बैठकीत आम्ही गप्प बसून होतो. म्हणून आज लिहीत आहोत.

ते खेळणे काय आहे ते आधी पाहू. मुलाला एक मायक्रोफोन आणि एक जिओफोन हवा होता. जिओफोन म्हणजे जमिनीत रोवायची मुठीएवढी डबी. आत लोहचुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेले तारेचे वेटोळे असते. जमीन हादरली की दोघांत हालचाल होते आणि किंचित वीज निर्माण होते. ती वीज म्हणजेच हादऱ्याची नोंद. आता आवाजाचे पाहा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० ठोके पडतात. सहा सिलिंडरच्या ट्रकचे त्याच गतीला ७५ पडतात. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक रिक्षाचे साडेबारा. ठोक्यांचा हा हिशेब मुलांनी संगणकाला शिकवायचा. स्पर्धा घेणारे काही नोंदी उत्तरांसह देतात आणि काही उत्तरे झाकून ठेवतात. झाकलेल्यांपैकी ज्याची अधिक बरोबर येतील तो पुढे.

ऐकायला सोपे वाटते, पण वारा सुटला की मायक्रोफोन बिघडतो आणि जिओफोन तग धरतो. पाऊस पडून काळी जमीन भिजली की जिओफोनची नोंद बदलते, कालचा ट्रक आज वेगळाच भासतो. विजेवर चालणाऱ्या रिक्षेला तर इंजिनाचा ठोकाच नाही, तेथे टायर आणि जमीन यांच्यावरच भिस्त. म्हणून दोन्ही साधने लागतात आणि कोणाचे कधी ऐकायचे, हीच खरी परीक्षा.

ही परीक्षा आमच्या कारखान्यातील मिस्त्री रोज देत असतो. तरुणपणी तो दारात उभा राहून सांगे की तिसऱ्या ओळीतला साचा धोटा नीट फेकत नाही. चोवीस साचे एकदम खडखडत असताना! त्याच खडखडाटाने तीस वर्षांत त्याचे कान गेले. आज त्याच्याशी ओरडून बोलावे लागते. पण तो साच्याच्या बाजूला तळहात टेकवतो, चप्पल काढून फरशीवर पाय ठेवतो आणि दोष सांगतो. कान गेले तेव्हा त्याने हादऱ्याकडून काम घेतले. परदेशातल्या प्राध्यापकांनी जे दोन यंत्रांत मांडले, ते या माणसात आहे. फरक एवढाच की त्याची विद्या कागदावर नाही. तो गेला की तीही जाईल. त्याचा मुलगा मोबाइलच्या दुकानात नोकरीला आहे.

एका बुजुर्गांनी आम्हाला हटकले की हे तर लढाईचे शास्त्र, यात आपल्या मुलांनी का पडावे? आक्षेप खोटा नाही. १९६८ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसमधील हो चि मिन्ह मार्गावर विमानांतून असे हजारो ग्राहक टाकले. काही झाडांना लटकत, काही जमिनीत रुतत. ट्रकची चाहूल थायलंडमधील नाखोन फानोमच्या तळावर पोहोचे आणि बॉम्ब पडत. किती ट्रक उडवले याच्या आकड्यांवर मात्र खुद्द अमेरिकेतच अनेकांचा विश्वास बसला नाही. २००१ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लष्करी वाहनांच्या ज्या नोंदी घेतल्या गेल्या, त्यांवर पुढे अनेक विद्यापीठांत अभ्यास झाला. पण याच विद्येने आपली रेल्वे रुळांच्या कडेला यंत्रे बसवून डब्यांचे खराब बेअरिंग धावत्या गाडीत पकडते. सुरीने गळा कापता येतो म्हणून आपण कापडाच्या दुकानात कात्री ठेवायची सोडली नाही.

ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठाची मुले अशा प्रकारच्या जागतिक स्पर्धांच्या अंतिम फेरीत अनेकदा पोहोचली आहेत. तो मुलूख आपल्यासारखाच कापडावर जगणारा. सिग्नल प्रोसेसिंगच्या 'एसपी कप' या स्पर्धेत संघाला एक अध्यापक आणि पदवीचे तीन ते दहा विद्यार्थी लागतात. तिथे मार्कलिस्ट कोणी मागत नाही. आणि पुढे काय मिळते, हा व्यापाऱ्याचा प्रश्नही रास्त आहे. गॅरेजे आपल्याकडे, ट्रान्सपोर्ट आपल्याकडे, साचे आपल्याकडे. बिघाड होण्याआधी तो सांगणारी पेटी बाहेरच्या कंपनीने बनवली, तर ती आपण तिच्या भावाने विकत घेऊ. सुताचा भाव दुसऱ्याने ठरवला की काय होते, ते येथे कोणाला सांगायला नको.

तेव्हा मंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत की या वर्षीच्या शाली आणि ट्रॉफ्या निम्म्या कराव्यात व उरलेल्या पैशात दोन मायक्रोफोन, चार जिओफोन घ्यावेत. ते पॉलिटेक्निकच्या मुलांना वापरायला द्यावेत आणि परत घ्यावेत, दान म्हणून नव्हे. मिस्त्री लोकांना त्यांच्यासोबत बसवावे आणि त्या दिवसाची मजुरी चुकती करावी. फुकट शिकवण्याची अपेक्षा ठेवू नये.

एक अडचण त्या मुलानेच सांगितली. आमच्या गोदामाबाहेर जिओफोन रोवला, तर त्यात ट्रकऐवजी शेजारच्या साच्यांचाच हादरा येतो. यावर उपाय जुम्याचा. त्या दिवशी मालेगावात साचे बंद असतात, जमीन शांत असते आणि आग्रा रोडवरचे ट्रक मात्र चालूच असतात. सकाळी फजरनंतर ते अकरापर्यंत गोदामाचे दार आम्ही उघडे ठेवू. ड्रायव्हरांना विचारून गाडीचे मॉडेल, भरलेली की रिकामी, हे वहीत लिहून घेण्यास आमचा मुनीम बसेल. मुलाला निरोप धाडला आहे.