क्रूझवर हलाल मिळतं का, हे विचारायला लाजायचं कशाला?

‘त्या पैशात एकाचा तरी उमरा झाला असता.’

आमच्या घरात क्रूझचा विषय निघाला तेव्हा चाचांचं हे पहिलं वाक्य होतं. धाकट्या भावाने प्रस्ताव मांडला होता. अब्बा एसटीतून निवृत्त झाले, अम्मीने आयुष्यभर भोरच्या बाहेर लग्नं आणि दवाखाना सोडून काही पाहिलं नाही. तर दोघांना घेऊन मुंबई-गोवा अशी तीन रात्रींची जहाजाची सहल करू या, एवढंच त्याचं म्हणणं. चाचांच्या वाक्याने बैठकीत शांतता पसरली. उमरा मध्ये आला की वाद घालायची हिंमत कोण करणार?

मला मात्र हे वाक्य तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. हज फर्ज झाली असेल तर ती आधी करावी, डोक्यावर कर्ज असेल तर ते आधी फेडावं, यात वाद नाही. हप्त्यावर, व्याज भरून सहल करायची असेल तर घरी बसलेलं बरं. पण हे सगळं मार्गी लागल्यावर, हलाल कमाईतून आई-वडिलांना चार दिवस फिरवून आणायचं असेल, तर त्याला उमऱ्याच्या तराजूत का घालायचं? वलीम्याला पाचशे माणसं जेवतात, चारचाकी दारात येते, तेव्हा कुणी उमऱ्याचा हिशेब मांडत नाही. आनंदावर खर्च निघाला की मात्र आम्हाला दीन आठवतो.

मुळात आम्ही मावळची माणसं. भोरकराला मोठं पाणी म्हणजे भाटघर. पलीकडे वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, गुंजवणी आणि पानशेत. पावसाळ्यात धरण भरलं की बघायला जायचं, भजी खायची आणि परत यायचं, ही आमची सहल. समुद्र वरंधा घाटाच्या खाली, महाडच्याही पुढे. अब्बांनी किती वर्षं त्या घाटातून गाडी नेली, पण समुद्र पाहिला तो किनाऱ्यावरून, चपला हातात धरून.

तरी जहाज आमच्या घराला परकं नव्हतं. दादा हजला गेले ते जहाजानेच. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनच्या बोटीने जेद्दा. निरोप द्यायला अर्धा मोहल्ला गोदीवर गेला होता, असं दादी सांगायची. ही समुद्रवाट 1995 मध्ये बंद झाली. त्यानंतर वाढलेल्या पोरांना जहाज म्हणजे इबादतीची वाट हे माहीतच नाही. त्यांच्या कानावर क्रूझ हा शब्द मोठ्याने पडला तो ऑक्टोबर 2021 मध्ये, टीव्हीवर, एका छाप्याच्या बातमीतून. ज्या मुलाचं नाव महिनाभर चालवलं, त्याच्याविरुद्ध मे 2022 च्या आरोपपत्रात काहीच नव्हतं. पण क्रूझ म्हणजे नशा आणि नाच, हे चित्र मोहल्ल्यात पक्कं बसलं.

चाचांची समजूत नंतर निघाली. खरी अडचण आली बुकिंगला.

आम्ही मुलाणी. गावात बकरा कापायचा तर मुलाण्याला बोलावायचं, हा बलुत्याचा रिवाज. जत्रेत मराठ्याच्या घरचा बकरासुद्धा आमच्याच हातून हलाल व्हायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. अशा घरातला माणूस जहाजावर जाणार म्हटल्यावर पहिला प्रश्न काय विचारणार? मी पुण्यातल्या एका बुकिंग एजंटला विचारलं, ‘जहाजावरचं चिकन-मटण हलाल असतं का?’ तो जरा चपापला. मग हसून म्हणाला, ‘तुम्ही सरळ व्हेज घ्या ना, कशाला भानगड!’

शेजारच्या टेबलावर एक जैन कुटुंब बसलं होतं. त्यांच्यासमोर अर्ज होता. कांदा-लसूण नको, कंदमूळ नको, सूर्यास्तापूर्वी जेवण हवं. एजंटची सहकारी एकेक रकाना अदबीने भरत होती. त्यात गैर काहीच नाही. भारतातल्या क्रूझवर जैन जेवण मिळतं ते त्या लोकांनी सतत, न लाजता मागितलं म्हणून. आम्ही काय करतो? एक तर जात नाही, किंवा गेलो तर तीन दिवस गुपचूप डाळ-भात खातो आणि घरी आल्यावर कुरकुरतो. विचारत नाही. विचारलं तर ‘हे बघा, यांचं सुरू झालं’ असं कुणी म्हणेल, ही धास्ती. ही धास्ती आभाळातून पडलेली नाही, गेल्या काही वर्षांत हलाल या शब्दावरून जे राजकारण झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने ताटात काय येणार हे विचारणं म्हणजे मागणी नाही, चौकशी आहे.

मी एजंटला सोडून कंपनीलाच लिहिलं. दोन स्मरणपत्रांनंतर उत्तर आलं आणि ते प्रामाणिक होतं. कोंबडी आणि मटण हलाल पुरवठादाराकडचं, पण डुकराचं मांसही त्याच स्वयंपाकघरात शिजतं, भांडी वेगळी. आता घरात प्रत्येकाला निर्णय घेता आला. अम्मीने शाकाहारी ठरवलं, अब्बांनी मासे आणि अंडी, पोरांनी चिकन खाल्लं. कुणी कुणाला फतवा दिला नाही. माहिती हातात असली की माणूस आपापल्या ईमानाने ठरवतो. कंपनीचं नाव इथे देत नाही. जाहिरातही नको, तक्रारही नको.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी काय विचारावं, ते अनुभवातून सांगतो.

जेवणाचं लेखी विचारा. मुख्य उपाहारगृहातलं जेवण भाड्यात धरलेलं असतं, पण खास उपाहारगृहं, बरीचशी पेयं, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. कर, बंदर शुल्क आणि सेवाशुल्क धरून एकूण आकडा किती, हे विचारल्याशिवाय जाहिरातीतल्या भाड्यावर जाऊ नका. खोली बिनखिडकीची सर्वांत स्वस्त, मग खिडकीची, मग गॅलरीची. पहिली खेप आणि आई-वडील सोबत असतील तर खिडकीचे पैसे वसूल होतात. बंद खोलीत फजर झाली की नाही तेच कळत नाही. ज्याला गाडी लागते त्याने मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागावी, तिथे हेलकावे कमी. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे दिवाळीनंतरचे महिने बरे. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ सोबत असेल तर कंपनीचे नियम आधीच पाहा.

निघण्यापूर्वी सगळ्यांना जमवून जीवरक्षक जाकीट आणि बोटीची जागा दाखवतात. तेव्हा सेल्फी काढत बसू नका. 17 जुलै 1947 रोजी रेवसच्या वाटेवर रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, त्याच्या आठवणी कोकणात अजून निघतात. किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचं बिल घरी आल्यावर झोप उडवतं.

दारूचं आणि जुगाराचं झाकून ठेवत नाही. दोन्ही असतं. कॅसिनोच्या दारावरून जेवायला जावं लागलं, रात्री गाणी मोठ्याने वाजत होती. पण हात धरून कुणी आत ओढत नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरून चालतानाही आपण प्रत्येक दुकानात शिरत नाही. ज्याला हे डोळ्यांसमोरही नको, त्याच्यासाठी आता दुसरी सोय आहे. सौदीच्या अरोया कंपनीचं जहाज डिसेंबर 2024 पासून जेद्दाहून सहलीला सुटतं, त्यावर दारू नाही. दादा ज्या बंदरावर लब्बैक म्हणत उतरले, तिथून लोक आता सुटी घालवायला निघतात. जमाना असा फिरतो.

नमाजची काळजी अम्मीला जास्त होती. भोर सोडून मुंबई गाठली तेव्हाच आम्ही मुसाफिर झालो होतो, म्हणून जोहर, असर आणि इशा कस्र. किब्ल्याचा हिशेब अब्बांनी गाडीवानासारखा लावला. गोव्याकडे जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेला, म्हणजे पश्चिम उजव्या हाताला. परतताना डाव्या हाताला. खोलीत दोन माणसं उभी राहतील एवढी जागा असते. जहाज डोलत असताना तोल जाणारा बसून पढू शकतो.

दुसऱ्या रात्री आमच्या टेबलावर वाढणारा पोरगा दापोलीकडचा निघाला, कोकणी मुसलमान. अम्मीने विचारल्यावर म्हणाला, ड्यूटी लागली की जोहर-असर जमा करतो, आम्ही शाफई. अब्बा लगेच हनफी मसला सांगू लागले. पोरगा हसत ऐकत राहिला. जाताना तो मला म्हणाला, ‘तुमचा मेल स्वयंपाकघरात पोचला होता. असं विचारणारे फार कमी येतात चाचा. तुम्ही विचारलंत की आम्हालाही वर बोलता येतं.’

मला ते फार लागलं. तो तिथे महिनोन्महिने राहतो, त्याच स्वयंपाकघरातलं खातो. त्याला जे तोंड उघडून मागता येत नाही, ते मी गिऱ्हाईक म्हणून दोन ओळी लिहून विचारू शकतो. आम्ही गप्प बसतो तेव्हा आमचंच ताट रिकामं राहतं असं नाही, त्याचंही राहतं.

कुरआनात समुद्रावर चालणाऱ्या जहाजांचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्यांमध्ये पुन्हा पुन्हा येतो. पहाटे डेकवर फजरनंतर अम्मी कठडा धरून उभी होती. चारी बाजूंना पाणी, किनारा कुठेच नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, ‘तुझ्या दादांनी हेच पाहिलं असणार.’ या एका वाक्यासाठी मी पुन्हा तेवढे पैसे खर्च करेन.

परत आल्यावर आठवड्याने चाचांचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर आवाज खाली करून म्हणाले, ‘तुझी चाची विचारतेय, खोली खिडकीची घ्यावी की बिनखिडकीची?’

म्हटलं, ‘चाचा, खिडकीचं नंतर. आधी जेवणाचं विचारा. आणि लेखी विचारा.’