कॅथ लॅबमधला बॅज: तीन महिन्यांनी दिसणारा ‘डेटा यूसेज’

मागच्या महिन्यात मी जळगावला मामेभावाच्या खोलीवर होतो. तो मूळचा धुळ्याचा, इथल्या एका खासगी हॉस्पिटलात कॅथ लॅब टेक्नॉलॉजिस्ट. रात्री अकराला फोन आला. पारोळ्याहून हार्ट अटॅकचा पेशंट निघाला होता. भाऊ लगेच बाईकवर गेला. पहाटे परतल्यावर मी विचारलं, “एवढ्या एक्स-रेत तुला किती डोस बसला?”

तो हसला. “भो, ते तीन महिन्यांनी कळेल.”

मी सॉफ्टवेअरवाला. हे उत्तर मला पचलं नाही.

आत नेमकं काय चालतं?

अँजिओप्लास्टी म्हणजे चालू एक्स-रे व्हिडिओ बघत हृदयाच्या नसेत फुगा आणि स्टेंट नेणं. पेडलवर पाय डॉक्टरांचा असतो. पण यंत्राची तयारी, कोन, फ्रेम रेट, रेकॉर्डिंग, स्क्रीनवरच्या ब्लड प्रेशरवर नजर हे सगळं टेक्नॉलॉजिस्ट बघतो.

फोनवर तुम्ही ३० की ६० फ्रेम निवडता, तेव्हा फार तर स्टोरेज जातं. इथे प्रत्येक फ्रेम म्हणजे एक्स-रेचा एक झटका. सेकंदाला १५ ऐवजी ७.५ फ्रेम ठेवल्या की डोस बराच उतरतो. मात्र चित्र थोडं अडखळतं, म्हणून कुठे किती ठेवायच्या हे कळावं लागतं.

खोलीतल्या स्टाफला बसणारे किरण मुख्यतः पेशंटच्या शरीरावरून विखुरलेले असतात. हॉटस्पॉटपासून लांब गेलं की रेंज ढेपाळते ना, तसंच. अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथाई. म्हणून शिशाचा एप्रन तर हवाच, पण दोन पावलं मागे सरकणंही तितकंच कामाचं.

बॅजची गंमत नाही

एप्रनच्या आत छातीवर टीएलडी बॅज लावतात. तो किरणांचा हिशेब साठवतो, पण त्याला ना स्क्रीन, ना अलार्म. दर तीन महिन्यांनी तो लॅबला जातो, मग रिपोर्ट येतो. मर्यादा अशी: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुमच्या-माझ्यासाठी ती वर्षाला फक्त १.

भावाच्या पहिल्या नोकरीत बॅज ड्रॉवरमध्येच राहायचे. रीडिंग वाढलं तर चौकशी लागते, म्हणून. रिपोर्ट कायम स्वच्छ! आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिंग बंद करून ‘एकही एरर नाही’ म्हणण्यासारखं.

मग कायदा काय करतो?

कॅथ लॅबच्या यंत्राचा परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाकडून, ई-लोरा पोर्टलवरून मिळतो. यंत्र चालवणाऱ्या माणसाची देशपातळीवर नोंद व्हावी म्हणून २०२१ मध्ये सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. ५० हून अधिक व्यवसाय त्यात येतात. डिप्लोमा-डिग्रीला किमान २,००० तासांचं शिक्षण आणि नोंदणी सक्तीची. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा नेमायच्या होत्या. तसं झालं नाही. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की १२ ऑक्टोबरपर्यंत अंमलबजावणी करा.

हा निव्वळ कागदी वाद नाही. धुळे-जळगाव अंतर नव्वदेक किलोमीटर, आणि हार्ट अटॅकमध्ये हॉस्पिटलात पोचल्यापासून ९० मिनिटांत नस उघडायचं उद्दिष्ट असतं. म्हणजे कॅथ लॅब जवळच हवी, दरवेळी नाशिक-मुंबई गाठणं परवडत नाही. पण यंत्र विकत आणता येतं, माणूस घडवावा लागतो. आणि ज्याच्याकडे डिग्री व नोंदणी आहे, तोच मालकासमोर “बॅज लावल्याशिवाय आत जाणार नाही” असं ठामपणे म्हणू शकतो. बघून-बघून शिकलेला हेल्पर नोकरीच्या भीतीने गप्प बसतो.

बारावीनंतर या क्षेत्रात यायचं असेल, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी कोर्स बघा. नोकरी घेताना पगाराच्या आधी एकच विचारा: “माझ्या नावाचा बॅज मिळेल ना? आणि रिपोर्ट मला दाखवाल ना?”

भाऊ आता बॅज न चुकता लावतो. पुढच्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट मला पाठवणार आहे. आकडा शून्य आला तरी चालेल. फक्त तो खरा असावा.