रुक्मिणीचे पत्र आणि आमच्या मुली

उपवर मुलीचे लग्न जुळण्यास विलंब होऊ लागला की तिच्या हाती एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ द्यावयाचे, ही आमच्याकडील जुनी वहिवाट आहे. १५७१ साली काशीक्षेत्री पूर्ण झालेल्या या ग्रंथाची पारायणे करणाऱ्या मुली आजही आढळतात. परंतु तो हाती देणाऱ्या वडील मंडळींनी आत काय आहे हे कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय, अशी आम्हांस शंका येते.

कथा मूळची भागवताच्या दशम स्कंधातील. विदर्भाधिपती भीष्मकाची ही कन्या श्रीकृष्णास द्यावी असे आप्तांच्या मनात होते. बंधू रुक्मी मात्र शिशुपालासाठी अडून बसला, आणि पुत्रस्नेहापुढे बापाने मान तुकविली. (असे बाप आमच्या वाचकांनी पाहिलेच नसतील असे नाही!) तेव्हा ही मुलगी केवळ नवससायास करीत बसली नाही. तिने एका विश्वासू ब्राह्मणाकरवी द्वारकेस पत्र धाडिले. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलाचाराप्रमाणे वधू नगराबाहेर अंबिकेच्या दर्शनास जाते. तेथूनच मला न्यावे, म्हणजे अंतःपुरातील आप्तांचा वध टळेल, ही सारी योजना तिची स्वतःची. राक्षसविधीने मला वर, असेही ती स्पष्ट लिहिते. आता राक्षसविवाह म्हणजे रडणाऱ्या, आक्रोश करणाऱ्या कन्येचे बलात्काराने हरण, अशी मनुस्मृतीची व्याख्या. रथ तोच, शस्त्रे तीच, हरणही तेच. भेद एवढाच की येथे कन्येची संमती तिच्याच शब्दांत आधी पोहोचली होती. दोन्ही पक्षांच्या सहीवाचून मालाचा सौदा पक्का न मानणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस हा भेद समजावून सांगावयास नको.

रुक्मिणी साक्षात लक्ष्मी, तिचे अनुकरण मानवी मुलींनी करू नये, असा आक्षेप येईल. मग तिची पोथी मानवी मुलींच्या हाती कशास देता? शिवाय हेच लग्न तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत प्रथम गाइले कोणी, हेही स्मरावे. महानुभाव पंथातील महदंबेने; आणि महदंबा विधवा होती. जिची सावलीही मंगलकार्यात नको, असे पुढे शतकानुशतके मानले गेले, तिच्या मुखातून मराठीतील आद्य लग्नगीते, ते ‘धवळे’, निघाले.

कथेस टाळ्या देणारा समाज प्रसंग पडताच कसा वागतो, याचा दाखला नामसादृश्यासह आमच्या इतिहासात आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी, मला न विचारता ठरविलेला हा संबंध मी मानीत नाही, असे म्हटले. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने त्यांस पतीगृही जा, नाही तर सहा महिने तुरुंग भोगा, असे फर्माविले. तुरुंग पत्करीन, हे त्यांचे उत्तर ऐकून अनेक धर्माभिमानी खवळले. त्यांतील किती जणांनी घरी रुक्मिणीस्वयंवराची कथा लाविली असेल!

पुढे कायदे सुधारले. सज्ञान वधूवरांच्या विवाहास कुटुंबाची वा जातीची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निःसंदिग्ध सांगितले. तथापि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात एक विचित्र अट अद्याप शिल्लक आहे. नियोजित विवाहाची नोटीस अधिकाऱ्याच्या कचेरीत ठळक जागी लावावयाची आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबावयाचे. फसवणूक व द्विभार्या टळावी हा हेतू योग्य आहे. पण त्यासाठी कागदपत्रांची तपासणी पुरे. भिंतीवरचा तो कागद प्रथम वाचतो तो मुलीचा रुक्मीच. कुंडिनपुरात अशी नोटीस लागली असती तर ब्राह्मण वेशीबाहेर पडण्यापूर्वीच पत्र पकडले गेले असते. ही जाहीर नोटीस कायद्यातून काढून टाकावी, अशी मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी संसदेच्या येत्या अधिवेशनात करावी.