रकाना बदलला म्हणून

जुलै २०२१मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितले : हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू नोंदलेला नाही. मग सेप्टिक टँकमध्ये गुदमरले ते कोण? त्यांच्यासाठी २०१३च्या कायद्यात वेगळा शब्द आहे : ‘धोकादायक सफाई’. मालकाने सुरक्षासाधने पुरवली, की तीही ‘धोकादायक’ उरत नाही!

अनुवादात एका गोष्टीला दोन शब्द मिळतात, हे मी रोज पाहते. पण हा अनुवाद नव्हे, हातचलाखी आहे.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावीच लागते. तळाचा घट्ट गाळ पाइपने ओढला जात नाही, तेव्हा माणूस उतरवतात. त्याची जात विचारावी लागत नाही. जिथे यंत्र पोचत नाही, तिथे टाकी बांधायला परवानगीच नको. शब्दांची वाटणी नंतर करा.