सर्व्हर बंद, खेळ खल्लास

१९८५चा ‘सुपर मारिओ’ अकोला-अमरावतीच्या पोट्ट्यांपर्यंत पोचला तो मुख्यतः नकली कन्सोलच्या कॅसेटमधून. शाबूत कॅसेट आजही लावली की चालते. ‘पबजी मोबाइल’वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि दोन महिन्यांत भारतातले सर्व्हरच बंद झाले, फोनमधला गेम निकामी ठरला. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. जुने गेम सरस वाटण्यामागे निव्वळ स्मरणरंजन नाही, ते हाती उरतात. ‘पबजी’तली शंभर जणांची लढाई सर्व्हरशिवाय कशी होणार, हा आक्षेप रास्तच. पण एकट्याने खेळायच्या गेमलाही इंटरनेटची सक्ती कशाला? पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा ‘राजी’ (२०२०) त्याविना रंगतो. येऊ घातलेल्या गेमचा चकचकीत ट्रेलर पाहून भाळण्याआधी तो इंटरनेटविना चालेल का, एवढे तरी विचारावे.